वहिनीच्या हातची तोंडं

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला कुणीच आवडायचं नाही. शाळेतल्या बाई आवडायच्या नाहीत, शेजारच्या मुली आवडायच्या नाहीत, आरशात दिसणारी मी तर मुळीच नाही. दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी आईला सांगून टाकलं होतं, "तिच्याशी गोड बोलायला मला सांगू नकोस." आई म्हणाली, "तू कोणाशी गोड बोलतेस गो, म्हणून तिच्याशी बोलशील?" विषय तिथेच मिटला.

वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर वहिनीच्या वडिलांचं बांगड्या-कुंकवाचं छोटं दुकान होतं. लग्न तिच्या दारात. मी करवली, म्हणून आमच्याकडची साडी घेऊन तिच्या खोलीत गेले. नवरीला सजवायला भिवंडीहून पार्लरवाली आणायची टूम तेव्हा नुकती निघाली होती. तशी एक बाई मोठी पेटी घेऊन आलेली होती, पण ती बिचारी कोपऱ्यात बसून लाडू खात होती. आणि नवरी खिडकीपाशी हातात आरसा धरून आपलं तोंड आपणच रंगवत होती.

तिच्यापुढे चार वस्तू होत्या. पावडरीचा डबा, काजळाची डबी, कुंकू आणि व्हॅसलीन. बास. कुंकवाची चिमूट व्हॅसलीनमध्ये मळून तिनं ओठांना लावली, उरलेलं बोट गालांवर फिरवलं आणि पदराच्या टोकानं जवळजवळ सगळं पुसून टाकलं. मग पूजेच्या ताटातली एक लवंग घेतली, तिचं टोक तिथल्याच पांढऱ्या गंधात बुडवून भुवयांवर ठिपके दिले. एकेक ठिपका श्वास रोखून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उभी काय राहिलीस? इकडे ये, तुझी टिकली वाकडी हाय." मी मुकाट्यानं पुढे झाले. कुणी मला असं मुकाट्यानं पुढे होताना पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

भिवंडीजवळच्या वळ गावाच्या अलीकडे आमचं गाव. आता तिथं गोदामांशिवाय काही दिसत नाही, तेव्हा भाताची शेतं आणि मागे खाडी होती. दादा भिवंडीत लूमच्या कारखान्यात ड्युटीला, एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रातची. वहिनी आली आणि महिन्याभरात गावातल्या बायकांना कळलं, की हिच्या हातात काहीतरी आहे. मग कुणाची हळद असो, कुणाचं डोहाळजेवण असो, दारात निरोप ठरलेला: "सुनेला धाडा."

नवरीच्या तोंडाला हात लावायच्या आधी ती नुसतं बघत बसायची. चांगला पाव तास! नवरीची आई घायकुतीला यायची. "अगो, लाव ना काहीतरी, वरात आली!" वहिनी हसायची आणि बघतच राहायची. मग काम चालू झालं की दहा मिनिटांत संपायचं. नवरी उठायची ती स्वतःसारखीच दिसायची, फक्त चांगली झोप झालेली आणि मनातली भीती गेलेली. मी एकदा विचारलं, "तू नक्की करतेस काय?" ती म्हणाली, "तोंडाला जे बोलायचं असतं ना, ते जरा मोठ्यानं बोलायला लावते." असलं काही आमच्या घरात कुणी बोलत नसे. मला ती फार आवडायला लागली आणि त्याचा मला रागही येई.

रांगोळीत तर ती माणसं काढायची. दिवाळीत अंगणात तिनं आमच्या म्हशीचं तोंड काढलं, तर म्हैस स्वतःच्या डोळ्यावर पाय देऊन गोठ्यात गेली. लूमवरून दादा रंगीत सुताचे तुकडे आणायचा, ते ती जुन्या गोणपाटावर चिकटवून खाडीवरचा सूर्यास्त करायची आणि पावसाळ्यात तेच गोणपाट दारात पाय पुसायला. मला चीड यायची. "अगं, हे पाय पुसायचं आहे का?" तर म्हणे, "गोणपाट कशासाठी असतं?"

शाळेत असताना तिनं चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. दोन्हीत वरची श्रेणी. पुढे चित्रं शिकायची होती, पण तोवर स्थळ आलं. ते स्थळ म्हणजे आम्हीच. तिनं हे कधी तक्रारीनं सांगितलं नाही. मी मात्र ऐकल्यापासून स्वतःला गुन्हेगार समजायला लागले, आणि मला गुन्हेगार वाटलं की मी दुसऱ्यांवर ओरडते. तेव्हा मी दादावर ओरडले. पेपरात ठाण्याच्या एका कलाविद्यालयाची जाहिरात आली होती, चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम, प्रवेश चालू. मी ती कापून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. दादानं वाचली, भाजी वाढून घेतली आणि म्हणाला, "जा की. बघून तरी या." माझी भांडणाची सगळी तयारी वाया गेली.

आई मात्र अडली. "चित्र काढायला शाळा कशाला पायजे? तिला येतंच हाय की." हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून त्याला उत्तर देणं जास्त अवघड होतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, मुलाखतीला आधीची कामं घेऊन यावीत. आदल्या दिवशी वहिनीनं सगळं घर धुंडाळलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. काही नव्हतंच. रांगोळ्या झाडल्या गेलेल्या. नवऱ्या तोंडं धुऊन सासरी नांदत होत्या. लग्नाला भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेले चौक पुढच्या चुन्याखाली गेलेले. गोणपाट दारात. इतकी वर्षं हात चालू होता आणि दाखवायला एक कागद नाही! मी रडायच्या बेताला आले. ती मात्र माझ्याकडे बघायला लागली, नवरीकडे बघायची तशी.

"उद्या लवकर उठ," ती म्हणाली. "तुलाच नेते."

दुसऱ्या दिवशी मी सजवलेलं तोंड घेऊन एसटीत बसले. वाऱ्यानं बिघडू नये म्हणून खिडकी लावलेली, घाम पुसायचा नाही, हसायचं नाही, बोलायचं तर नाहीच. ठाण्यापर्यंत मी गप्प बसले, हा माझ्या आयुष्यातला विक्रम असावा.

विद्यालयात आमच्या आधी सोळा-सतरा वर्षांच्या मुली रांगेत होत्या. प्रत्येकीच्या काखेत मोठी फाईल. आमच्याकडे जेवणाचा डबा. सर टकलावर चष्मा चढवून बसलेले होते. म्हणाले, "कामं?" वहिनीनं मला खांद्याला धरून पुढे केलं. "ही."

मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण सर उठले. टेबलाला वळसा घालून आले, हात मागे बांधून माझं तोंड बघत राहिले. "डाव्या भुवईचं काय केलंत?"

"तिथं लहानपणची खोक हाय. लपवली न्हाय मी. उजवी थोडी कमी केली, म्हणजे दोघी जमून घेतात."

सर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हात आहे तुमच्याकडे. नजर त्याहून आहे. पण ही संध्याकाळी तोंड धुणार. मग मी फाईलला काय लावू?" दहा चित्रं कागदावर काढून पुढच्या जूनला या, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

परतीच्या गाडीत मी रडले. रागानं. काजळ गालांवरून ओघळलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला असं हसू फुटलं, की कंडक्टर वळून बघायला लागला. "बघ," ती म्हणाली, "सर खरं बोलले. संध्याकाळपर्यंत पण टिकली न्हायस."

मग गणपती आले आणि त्यांच्यामागून गौरी. आमच्याकडे गौर तेरड्याची. तेरड्याची रोपं मुळांसकट आणायची, साडी नेसवायची आणि वर कागदाचं तोंड बांधायचं. ते तोंड भिवंडीच्या बाजारात छापील मिळतं. गुलाबी गाल, डोळे वाटीएवढे. त्या वर्षी वहिनी म्हणाली, तोंड मी काढते. आई म्हणाली, "काढ, पण बाजाराचं एक घरात असू दे. बिघडवलंस तर ऐनवेळी काय करू?"

वहिनीनं तोंड काढलं, गौर उभी राहिली आणि सुपांत वाण घेऊन गौरीला ओवसायला आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. ते तोंड दमलेलं होतं. लांबून चालत माहेरी आलेल्या बाईचं. डोळ्यांखाली किंचित सावली, काजळ थोडं पसरलेलं, कपाळावर लवंगेचे ठिपके, त्यातला एक पुसट. आणि ओठांवर पोचल्याचं सुख. शेजारची म्हातारी जवळ गेली आणि तिनं कागदाच्या गालाला बोटं लावून कडकडा मोडली. मग आईनं मला टोचलं. "बघतेस काय, पाणी आण तिला." मी खरोखर तांब्या भरून आणला. त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई चित्रकार आहे आणि या घरात ते फक्त मला कळलंय.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण तिसऱ्या दिवशी गौर खाडीत जाणार. तिच्याबरोबर ते तोंडही. सरांना कागदावर पाहिजे होतं ना? हा काय कागद नव्हता? सगळे आरतीच्या तयारीत असताना मी ते तोंड सोडवलं, बाजारचं बांधलं, पदर पुढे ओढला. आमची गौर वाजतगाजत गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या तोंडाची गुंडाळी मी भाताच्या कणगीमागे ठेवली.

सकाळी मी ती वहिनीपुढे उलगडली. वाटलं, ती मला मिठी मारेल. तिच्या तोंडाचा रंग उडाला. "हे काय केलंस?"

"तुझी शाळा वाचवली."

"आणि ती तशीच गेली? दुसऱ्याचं तोंड लावून?"

मग तिनं गुंडाळी पदराखाली घेतली आणि सरळ खाडीची वाट धरली. मी मागे धावले, हात धरला, नको नको ते बोलले. शिकायचंच नाही तुला, भित्री आहेस, लोकांच्या पोरी रंगवत मर इथे. तिनं कागद पाण्यावर ठेवला. तो बराच वेळ तरंगला. त्या तोंडानं आमच्याकडे बघत बघत वळण घेतलं. वहिनीनं हात जोडले. आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी येताना बांधावर ती बसली आणि खरं बोलली. "तू म्हणतेस ते खरं हाय. मी भित्री हाय. जे पुसलं जायचं, बुडायचं, ते काढताना माझा हात कसा मोकळा चालतो बघ. कारण चुकलं तरी राहत न्हाय. राहणारं काढायला बसले की हात आखडतो. हे तोंड बघून मला शाळेत घेतलं असतं. मग तिथं काय करू? रोज गौर कुठून आणू?"

मी हात देऊन तिला उठवलं आणि आम्ही घरची वाट धरली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ठाण्याहून आणलेल्या पांढऱ्या कागदावर तिनं थंडीत चार चित्रं काढली. देवळाचं शिखर, नारळाची झाडं, खाडीतली होडी, घागर घेतलेली बाई. कॅलेंडरवर शोभली असती. एकातही जीव नव्हता. तिलाच ते सगळ्यांच्या आधी दिसत होतं. पाचवा कागद तिनं उलटा करून फळीवर ठेवून दिला.

मग एक दिवस दुपारी, रातची शिफ्ट करून दादा तोंड उघडं टाकून घोरत होता. लूमवर सुताच्या पेट्यांतून निघणारा खाकी कागद त्यानं डबा गुंडाळायला आणलेला. वहिनीनं तो जमिनीवर पसरला, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि दादाला काढलं. उघड्या तोंडासकट! मी पोट धरून हसले. तिनं कागद माझ्या हातात दिला. "उद्या सकाळी आंघोळीचं पाणी तापवशील तेव्हा हा चुलीत घाल."

"वेडी आहेस का?"

"घालशील तर रोज काढीन. न्हाय घातलंस तर बंद."

काय करणार? मी घातला. पुढचे चार-पाच महिने आमच्याकडे हेच चाललं. दुपारी ती काढायची, सकाळी मी जाळायचे. खाकी कागद, कोळसा, खडू, कधी हळदीचं बोट. आईची पाठ तांदूळ निवडताना. बाळंतीण शेजारीण. दादाचे लूमच्या तेलानं काळे झालेले हात. एकेक असलं, की जाळायच्या आधी मी ते तीन-तीनदा उलगडून बघायचे. एकदा चोरी करून तोंड पोळलं होतं, म्हणून पुन्हा हिंमत केली नाही. पण मी रोज शिव्या घालायचे. तिला, चुलीला, त्या ठाण्याच्या सरांना. वहिनी माझ्या शिव्या ऐकत बाजूला भांडी घासत असायची आणि मधूनच वर बघायची. मला वाटायचं, तिला वाईट वाटतंय. ती मला पाठ करत होती, हे मला कसं कळणार?

मे महिन्यातल्या एका सकाळी मी चुलीपुढे बसले, नेहमीसारखा कागद उलगडला. तो मीच होते. चुलीपुढे उकिडवी बसलेली, हातात अर्धा पेटलेला कागद, भुवया जुळलेल्या, डोळ्यांत राग आणि रागामागे पाणी. डावी भुवई खोकेसकट. माझ्या आयुष्यात मी स्वतःला इतकी सुंदर कधी दिसले नाही, हे मी आज म्हातारपणी न लाजता सांगते. हात पुढे गेला तो तसाच राहिला. जाळायचं तर मलाच होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "हे..."

ती भांड्यांतून उठली नाही. राखेचे हात तसेच धरून म्हणाली, "हे राहू दे."

एवढंच. मी मोठ्यानं रडायला लागले. आई परसातून धावत आली, भाजलं की काय म्हणून.

त्यानंतर तिनं आणखी नऊ काढली. एकही जाळायला लावलं नाही. सगळी खाकी कागदावर, सगळी घरातली.

जूनमध्ये आम्ही ठाण्याला गेलो. या वेळी मी बाहेर बाकावर, धुतलेल्या तोंडानं. दार उघडं होतं. सरांनी चित्रं एकेक करून टेबलावर मांडली आणि माझ्या चित्रापाशी थांबले. "ही कोण? एवढी कशानं चिडलीय?"

"माझी नणंद," वहिनी म्हणाली. "माझी चित्रं जाळतेय."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग अर्ज पुढे ओढला. "सोमवारी वर्ग सुरू. सोमवारी आलात तर जागा तुमची. नाहीतर यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल."

पाऊस त्या वर्षी लवकर लागला होता, रोपं हातभर झाली होती आणि आमच्या शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, नेमकी सोमवारी धरली होती. आईनं निघताना बजावलं होतं, "आवणी झाली की मग काय ती शाळा करा." आमच्याकडे आवणी म्हणजे घरातला प्रत्येक हात चिखलात. आईचा शब्द मोडून सून त्या दिवशी शहरात गेली, असं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. वहिनीनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. खरंच केली नाही, तिनं ते स्वतः ठरवलं.

"सोमवारी येते," ती म्हणाली.

घरी तिनं आईला स्वतःच सांगितलं, मान खाली न घालता. आईनं ऐकलं आणि पाठ फिरवून गुरांना पाणी दाखवायला गेली. रविवारी दिवसभर ती आमच्याशी बोलली नाही. सोमवारी सकाळी वहिनीनं चार भाकऱ्या जास्त थापल्या, आईच्या पाया पडली आणि गाडी धरली. आई "जा" पण म्हणाली नाही आणि "नको" पण म्हणाली नाही.

वहिनीची ओळ मी घेतली. शेतात जायचं म्हटलं की ज्या पोरीचं डोकं दुखायला लागायचं, ती मी. घोटे बुडतील एवढ्या चिखलात वाकून रोपं लावत मागे मागे सरकायचं. तासाभरात कंबर मोडली. माझी ओळ नागमोडी. दोन्ही बाजूंच्या बायका पुढे निघून गेल्या आणि मध्ये मी एकटी, मागे.

आई बांधावरून बघत होती. "तिच्यासारखी सरळ न्हाय येत गो तुला," ती म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"नाहीच येणार," मी ओरडले. "ती तिकडे गेलीय!"

आईनं रोपांची एक मूठ उचलली, लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरून वहिनीच्या ओळीत माझ्या शेजारी येऊन वाकली.